कोलाच्या जुन्या टाक्यांच्या रिंगा गोव्यात कुठे मिळतील?

डिचोलीकर | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, मदत हवी आहे.

मागच्या महिन्यात म्हापशाला एका भंगारवाल्याकडे स्टीलच्या दोन टाक्या दिसल्या. गुडघ्याच्या थोड्या वर येतील एवढ्या उंच, खाली-वर काळं रबर, लंबगोल झाकण आणि ते दाबून धरणारी तारेची कडी. तो म्हणाला, "दुधाच्या बरण्या." मी बघताक्षणी ओळखलं, सोडा फाउंटनच्या सिरपच्या टाक्या. आता सिरप पिशवीतून येतं, म्हणून ह्या भंगारात. किलोच्या भावाने घेतल्या आणि तो भाव बदलायच्या आत रिक्षात टाकल्या.

घासून-पुसून एकीत आल्याची बिअर भरली. पडवीत जुना फ्रिज आहे, त्याचे कप्पे काढून टाकी आत उभी केली, कार्बन डायऑक्साइडचा ५ किलोचा सिलिंडर बाहेर जोडला, रेग्युलेटर १२ पौंड दाबावर ठेवून झोपलो. सकाळी काटा शून्यावर. सिलिंडर भरून आणला, पुन्हा तेच. साबणाचं पाणी लावून पाहिलं तर झाकणाच्या एका कडेला फेस आणि वरच्या एका नळीच्या बुडाशी बारीक बुडबुडे.

रिंगा बदलायच्या हे कळतंय, पण त्या मिळेनात. म्हापशात तीन आणि डिचोलीत दोन दुकानं झाली. "केगची रिंग" (असल्या टाकीला केग म्हणतात) म्हटलं की माणूस माझ्या तोंडाकडे बघतो. एकाने कुकरची रिंग पुढे केली. आमचा प्लंबर म्हणाला, आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळतो, काम झालं. गुंडाळली. काम झालं नाही.

कुणाला दुकान माहीत आहे का? आणि आत्ताच सांगून ठेवतो, धागा दारूचा नाही, रबराचा आहे.

पुणेरी_फेस | शनिवार, रात्री ११.१५

टेप काढून टाका. त्या आट्या गॅस अडवण्यासाठी नाहीतच, त्या फक्त आवळण्यासाठी आहेत. अडवते ती आतली रिंग. टेपमुळे उलट पोस्ट नीट बसत नाही आणि रिंग पुरती दाबली जात नाही. (पोस्ट म्हणजे ती वरची बोंडं, जिथे पाइप जोडता. ह्या धाग्यात पोस्ट शब्दाने गोंधळ होणार, माझा नाइलाज आहे.)

एका टाकीत पाच रिंगा असतात. झाकणाची एक मोठी. दोन्ही पोस्टना बाहेरून एकेक. आणि पोस्ट उघडल्यावर आत जी नळी दिसते तिच्या कॉलरखाली एकेक. ही शेवटची जोडी लोकांना दिसतच नाही, ती तशीच वर्षानुवर्षं पडून राहते.

कुठली गेली ते कळायला सोपं आहे. पाइप जोडलेला असतानाच गळत असेल तर पोस्टची बाहेरची रिंग. पाइप काढल्यावरही पोस्टच्या बुडाशी बुडबुडे येत असतील तर नळीखालची. पोस्टच्या मधल्या भोकातून येत असतील तर रिंग नाही, आतला पॉपेट, म्हणजे स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह, नीट मिटत नाहीये.

पोस्टच्या अंगाला बाहेर आलेल्या खुंट्या आहेत का? किती?

डिचोलीकर | रविवार, सकाळी ७.५०

आहेत. एकीला दोन, दुसरीला तीन. पाइप काढल्यावरही बुडाशी बुडबुडे येतात, म्हणजे नळीखालची. आणि ती दोन खुंट्यांचीच आहे.

पुणेरी_फेस | रविवार, सकाळी ८.३०

म्हणजे पिनलॉक, कोका-कोलाच्या पद्धतीची. दोन खुंट्या गॅसची बाजू, तीन खुंट्या पेयाची. पेप्सीची पद्धत ती बॉललॉक, तिच्या पोस्ट खुंटीविना गुळगुळीत. दोन्ही टाक्यांत १९ लिटरच्या आसपास मावतं, पण पोस्ट एकमेकींच्या लागत नाहीत. सुटे भाग मागवताना हे आधी सांगायचं.

अजून एक. जुन्या रिंगा गळत नसल्या तरी सगळ्या बदला. कोलाचं सिरप रबरात मुरतं. मी पहिल्या टाकीच्या रिंगा धुण्याच्या सोड्यात दोन दिवस बुडवल्या होत्या, वरून हुंगल्या तर काही नाही, आणि बिअरला मात्र पहिल्या घोटापासून कोलाचा वास. वीस लिटर बिअर कुंड्यांना घातली. झाडं जगली.

माडावरचा | रविवार, सकाळी ९.०५

कितें रे, एवढ्याशा रबरासाठी पुण्यापर्यंत? सायकलची ट्यूब कापायची, वर एम-सील थापायचं. आमचे रेंदेर, म्हणजे माडी काढणारे, मडक्याच्या तोंडाला चिखल आणि फडकं लावून फेणी गाळत आले, त्यांना कुठली रिंग लागली नाही.

पुणेरी_फेस | रविवार, सकाळी ९.२०

भट्टीच्या मडक्यात दाब नसतो हो. वाफ निघून जाते ती भाणातून, म्हणजे त्या उकळत्या मडक्यातून, पुढे, थंड होते, थेंब पडतो. इथे बारा पौंड दिवसरात्र आतून ढकलतात. आणि एम-सील लावल्यावर टाकी धुवायला उघडणार कशी?

माडावरचा | रविवार, सकाळी ९.२५

धुवायची कित्याक?

वास्कोचा_पाहुणा | रविवार, सकाळी ११.१०

गंमत चालू द्या, पण धागाकर्त्याने लिहिलेली एक ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. ५ किलो कार्बन डायऑक्साइड रात्रभरात गेला. मी जहाजावर काम केलंय, बंदिस्त जागेचं प्रशिक्षण दरवर्षी व्हायचं. ५ किलोचा वायू झाला की पावणेतीन घनमीटर भरतो. दहा बाय दहाची बंद खोली असेल तर हवेत दहा टक्के. एवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणजे जमिनीवर गादी टाकून झोपलेला आधी जाणार. तुमचा फ्रिज पडवीत होता हे नशीब. पावसाळा आला म्हणून तो आत घेऊ नका.

दुसरं, पोस्ट उघडण्याआधी टाकीतला दाब पूर्ण काढा. पाइप काढला म्हणजे दाब गेला असं नाही. पिनलॉकच्या बऱ्याच झाकणांना दाब सोडायची ओढायची कडी नसते, तेव्हा गॅसच्या पोस्टमधला पॉपेट स्क्रू-ड्रायव्हरने दाबायचा आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायचा. तोंड बाजूला. माझ्या एका सहकाऱ्याने "थोडाच उरलाय" म्हणून पाना फिरवला, तो पॉपेट आजही त्याच्या गॅरेजच्या पत्र्यात रुतलेला आहे.

खाणवाला | रविवार, दुपारी ३.४०

डिचोलीकर, तुम्ही घराजवळचं सोडून म्हापशाला कशाला गेलात? रिंगा आपल्याच भागात आहेत, फक्त नाव चुकीचं विचारताय.

आपल्याकडे खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली, साखळी, उसगाव ह्या पट्ट्यात हायड्रॉलिकची दुकानं निघाली. टिपरचा जॅक, एक्स्कॅव्हेटरचा सिलिंडर, सगळं ओ-रिंगांवर चालतं. २०१२ ला खाणी थांबल्या, मग २०१८ ला पुन्हा थांबल्या, बरीच दुकानं मिटली. जी उरली त्यांच्या खणांत अजून डबे भरलेले आहेत. मी एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं होतो, रिंगेचं माप बोटांनी सांगायचो.

दुकानात "केग" म्हणू नका. "ओ-रिंग, एवढा आतला व्यास, एवढी जाडी" म्हणा. आणि इथेच खरी मेख आहे. बारीक रिंगांची जाडी तीन देशांची तीन असते. अमेरिकन यंत्रं इंचात, तिथे म्हणायला ३/३२ इंच, पण खरी जाडी ०.१०३ इंच म्हणजे २.६२ मिलिमीटर. जपानी यंत्रांची २.४. आणि साधी मेट्रिक २.५. तिन्ही हातात घेतल्या तर डोळ्यांना एकच दिसतात. तुमची टाकी अमेरिकन मापाची, तिला २.६२ लागणार.

कुणी म्हणेल, पाव मिलिमीटरने काय होतं? ओ-रिंग खाचेत बसली की दाबून साधारण पाचव्या हिश्शाने चपटी व्हावी लागते, तो दाबच वायू अडवतो. २.६२ चा पाचवा हिस्सा अर्धा मिलिमीटर. तुम्ही २.४ ची घातली की त्या अर्ध्यातला जवळजवळ अर्धा दाब गेला. पाणी अडेल, वायू नाही अडणार.

जुन्या रिंगेचं माप घेऊ नका, ती बसून बसून चपटी झालेली असते. खाच मोजा. आतला व्यास हवा तर रिंग ड्रिलच्या दांड्यावर न ताणता सरकवून बघा. प्लास्टिकचा वर्निअर चालेल, पण रबराला त्याच्या जबड्यात चिरडू नका, स्पर्श झाला की थांबायचं.

आणि पिनलॉकची पोस्ट उघडायला खुंट्या आड येतात. २१ नंबरचा स्पार्क प्लगचा सॉकेट घ्या, ग्राइंडरवर खुंट्यांपुरत्या खाचा पाडा. एकाला दोन, एकाला तीन. पकडीने उघडायला जाल तर स्टील सोलून निघेल.

काजूबिया | रविवार, सायंकाळी ५.००

माझ्याकडे बॉललॉक आहे, मडगावला. पोस्टच्या बाहेरची रिंग मला १११ नंबरची बसली, आत ७/१६ इंच, बाहेर ५/८. नळीखालची १०९ नंबर. हे अमेरिकन क्रमांक हायड्रॉलिकवाल्यांना तोंडपाठ असतात. पिनलॉकचं मी मोजलेलं नाही.

दूधवाली_आत्या | रविवार, रात्री ९.१०

खाणवाला, माप तुमचं सोळा आणे. पण ती रिंग पोटात जाणाऱ्या वस्तूला लावायची आहे, जॅकला नाही. मी डेअरीच्या गुणवत्ता विभागात होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गॅस्केटवरून मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशी भांडले नाही.

हायड्रॉलिकच्या दुकानातली काळी रिंग म्हणजे नायट्राइल. नायट्राइल हे रबर वाईट नाही, खाद्य दर्जाचंही मिळतं. पण तेलासाठी केलेल्या रिंगेत काय काय मिसळलंय ते कुणी लिहून देत नाही. पाकिटावर खाद्य दर्जा लिहिलेला असेल तरच पेयाच्या बाजूला लावा. नुसतं "चांगली क्वालिटी" म्हणजे काही नाही.

डेअरीत आम्ही जास्त करून ईपीडीएम नावाचं रबर वापरायचो. कॉस्टिकने धुवा, वाफ द्या, टिकतं. फक्त स्निग्ध पदार्थाशी त्याचं जमत नाही, म्हणून साय-लोण्याच्या लाइनला नायट्राइल. तुमच्या आल्याच्या पाण्यात कुठलं लोणी? ईपीडीएम बेस्ट. पण मग व्हॅसलिन लावायचं नाही. पेट्रोलियमने ईपीडीएम फुगतं, आठवड्यात रिंग खाचेबाहेर डोकावते.

सिलिकॉन मऊ असतं, वाकड्या झाकणावर छान बसतं, म्हणून लोक भाळतात. पण सिलिकॉनमधून वायू इतर रबरांपेक्षा खूप सहज झिरपतो. आठवड्यात संपणारं पेय असेल तर चालेल. महिनाभर ठेवणार असाल तर नको. आणि सिलिकॉनच्या रिंगेला सिलिकॉनचं ग्रीस लावू नका, तेही फुगतं. बाकी रबरांना खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावा, बोटाच्या टोकावर दिसेल न दिसेल एवढंच.

घरची परीक्षा सांगते. काचेच्या बरणीत कढत पाणी, त्यात रिंग, झाकण घट्ट, रात्रभर. सकाळी उघडून आधी वास, मग घोटभर चव. टायरचा वास आला तर ती रिंग जॅकला द्या.

खाणवाला | रविवार, रात्री ९.३०

आत्यांपुढे हात टेकले. मात्र एक सांगतो, दुकानदार ७० की ९० विचारेल, तो कडकपणा. ९० जोरदार दाबासाठी. बारा पौंडांत ती दबतच नाही. ७० च घ्या.

अबोली_रंग | सोमवार, सकाळी १०.००

रबराचा धागा आहे हे मान्य, तरी एक बारीक चिमटा. गोव्यात दारू स्वस्त म्हणून ती घरी करायला मोकळीक आहे असा पुष्कळांचा समज असतो. १९६४ चा अबकारी कायदा आहे, मद्य बनवायला परवाना लागतो, फेणीवाल्यांनाही. बिअरचा बेत असेल तर आधी अबकारी कार्यालयात विचारा.

डिचोलीकर | सोमवार, सकाळी १०.२०

आलं, गूळ, लिंबू, पाणी. पुढच्या खेपेला कोकम. अबकारीवाल्यांना घरी बोलवायची तयारी आहे, पेले धुऊन ठेवतो.

डिचोलीकर | गुरुवार, रात्री ९.४५

अहवाल.

स्पार्क प्लगच्या सॉकेटला खाचा पाडून पोस्ट उघडल्या. दाब आधी काढला, तोंड बाजूला होतं, बायको दाराआड होती. नळीखालची जुनी रिंग निघाली ती रिंग म्हणावी अशी नव्हतीच. एका बाजूने चपटी, दुसऱ्या बाजूला ब्लेडने कापल्यासारखी भेग, आणि हाताला अजून चिकट. नखाने दाबली तर नखाचा ठसा तसाच राहिला. नाकाशी नेली तर लहानपणच्या जत्रेतल्या कोलाचा वास! पुणेरी_फेस, तुमच्या कुंड्या आठवल्या.

खाच मोजली, मग साखळीला खाणवाल्यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलेल्या दुकानात गेलो. म्हातारे गृहस्थ, मागे लाकडी खण, प्रत्येकावर खडूने आकडे. मी कागद पुढे केला. त्यांनी न बोलता एक रिंग काढून दिली. मी वर्निअर लावला, २.४. म्हटलं, "ही जपानी." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे नीट बघितलं, "कुठल्या कंपनीत होता?" मग खुर्ची दिली, चहा आला. २.६२ ची सापडली, ७० कडकपणाची, पण हायड्रॉलिकचीच. "खायच्या वस्तूला?" असं विचारून स्वतःच मान हलवली आणि फोंड्याच्या एका माणसाचं नाव दिलं, तो डेअरी आणि बाटलीबंद पाण्याच्या प्लांटना सुटे भाग पुरवतो. त्याच्याकडे ईपीडीएम, पाकिटावर खाद्य दर्जा छापलेला. दोन्ही टाक्यांच्या आठ छोट्या रिंगा आणि चार जास्तीच्या घेतल्या.

सगळ्याला मिळून जेवढे पैसे लागले त्याच्या कितीतरी पट पेट्रोल, आणि त्याच्या वर दोन सिलिंडरचा गॅस.

बरणीची परीक्षा पास. पोस्ट आता कोरड्या. झाकण मात्र अजून फुसफुसतंय. ती मोठी रिंग पेन्सिलीएवढी जाड आहे, साखळीत नाही, फोंड्यातही नाही.

पुणेरी_फेस | गुरुवार, रात्री १०.३०

मोठी रिंग दुकानात शोधू नका, ती टाकीचीच म्हणून मागवावी लागते. माझ्याकडे नायट्राइलच्या तीन पडून आहेत, कुरिअर करतो. पैसे नकोत, कोकमचं आगळ पाठवा.

तोवर झाकण बघून घ्या. सपाट फरशीवर उलटं ठेवून कुठली कड उचललीय का ते पाहा. टाकीच्या तोंडाला आतून बोट फिरवा, पोचा लागतो का? झाकण अर्धं फिरवून बसवलं तरी कधीकधी काम होतं. कडीच्या पायांखाली रबराचा एकेक तुकडा सरकवला की ती जास्त जोराने दाबते, तो तुकडा पेयाला लागत नाही, तेव्हा माडावरच्यांची सायकलची ट्यूब तिथे चालेल. आणि रिंग बसवल्यावर एकदा तीस पौंड दाब द्या. झाकण आतून बाहेर ढकललं जातं, म्हणून जास्त दाबात रिंग घट्ट बसते. बारावरच सुरुवात केली तर ती सुस्तावते.

माडावरचा | गुरुवार, रात्री १०.४०

शेवटी ट्यूबच लागली. देव बरें करूं.

वास्कोचा_पाहुणा | शुक्रवार, सकाळी ८.१५

इथे वाचून कुणी बारच्या मागे पडलेला ५० लिटरचा बिअरचा केग उचलून आणेल, म्हणून लिहितो. तो वेगळा प्रकार. त्यात मधोमध एक लांब नळी असते आणि ती एका स्प्रिंगच्या चकतीने अडकवलेली असते. दाब असताना चकती काढली तर नळी बंदुकीच्या गोळीसारखी वर येते. शिवाय तो केग बिअर कंपनीचा असतो, बारवाल्याचाही नसतो. भंगारात दिसला तरी तो कुणाचा तरी आहे.

डिचोलीकर | पुढचा गुरुवार, सायंकाळी ७.३०

पुण्याहून पुडकं आलं. आगळाच्या दोन बाटल्या रवाना केल्यात, झाकणं मेणाने बंद केलीत, गळल्या तर मला सांगू नका.

नवी रिंग नायट्राइलची, ग्रीसचं बोट फिरवलं, झाकण अर्धं फिरवून बसवलं, कडीच्या पायांखाली ट्यूब. तीस पौंड दिले, "टक्" असा आवाज आला आणि झाकण जागेवर गेलं. मग सिलिंडर बंद करून टाकीवर दाबाचं घड्याळ लावून ठेवलं. फ्रिजमध्ये नाही, आणि टाकीत नुसता वायू, पेय नाही. थंडीने दाब उतरतो, पेयात गॅस मुरतो, काटा खाली येतो आणि माणूस उगाच गळती शोधत बसतो. दोन रात्री ठेवलं, काटा हलला नाही.

काल आल्याची बिअर भरली. फ्रिज ४ अंशांवर, बारा पौंड. ह्या उकाड्यात बाहेर ठेवून तेवढाच फेस हवा असता तर तीसच्या वर द्यावे लागले असते, हेही ह्या भानगडीत शिकलो.

आता दुसरी टाकी. तिच्या पोस्ट आणि झाकण ठीक आहे, पण झाकणाच्या मधला जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह सुर्र करतोय. त्याच्या आत पण एक रिंग दिसते, बारीक. ती कुणाकडे मिळेल?

खाणवाला | पुढचा गुरुवार, सायंकाळी ७.४०

माप टाका आधी.